बऱ्या पायाचं माप

टेबल कापायचं की नाही, यावर रविवारी सकाळपासून वाद पेटला होता, आणि ज्यांच्या पायापायी तो पेटला ते मास्तर वरच्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

टेबल म्हणजे कटिंगचं टेबल. बारा फूट लांब, पाच फूट रुंद. मास्तरांच्या वडिलांनी शिवणकामाचं हे दुकान बांधताना भिंती उभ्या राहण्याआधीच ते आत जोडून घेतलं होतं, त्यामुळे आता ते कुठल्याच दारातून बाहेर जाणारं नव्हतं. काढायचं तर करवत लावूनच. मास्तरांच्या धाकट्या मुलाने सुताराला बुधवारची वेळ देऊनसुद्धा टाकली होती.

"टेबल गेलं की इथे कॉट बसते," धाकटा हातातल्या टेपने हवेतच माप घेत म्हणाला. "वर सतरा पायऱ्या आहेत. बाबा त्या कशा चढणार-उतरणार? सकाळी काय झालं ते बघितलंत ना सगळ्यांनी?"

"बाबांच्या टेबलाच्या जागी बाबांचीच कॉट! वा रे वा!" लेक म्हणाली. ती पहाटेच्या बसने माहेरी आली होती आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच, टेबल राहू दे म्हणणाऱ्या थोरल्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. "सरळ म्हण ना, तुला कटिंग बंद करून बाहेरून तयार माल आणायचाय."

"मी असं म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? वर्षभर दुसरं काय घोकतोयस?"

"हळू बोला रे," थोरला म्हणाला. "वर ऐकू जातं." थोरला जन्मात कधी मोठ्याने बोलला नव्हता. कात्रीसुद्धा तो हळूच खाली ठेवायचा.

"मला विचाराल तर," थोरली सून म्हणाली. तिला कुणीच विचारलं नव्हतं. "भाऊजी म्हणतात त्यात तथ्य आहे. दिवसातून चौदा वेळा जिना चढून माझे गुडघे बोलायला लागलेत. कॉट खाली आली तर मी तरी सुटेन."

थोरल्याने बायकोकडे असं पाहिलं, की जणू तिने भर बाजारात विरोधी पक्षाचा झेंडा हातात घेतला होता.

खिडकीपाशी आत्या काजं करत बसली होती. आत्या म्हणजे मास्तरांची मोठी बहीण, वय वर्षं त्र्याहत्तर. या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक कोटाची काजं चाळीस वर्षं तिच्याच हातची होती. घरात तिला माघारी 'चौकशी खातं' म्हणत. दूधवाल्याचं दूध पातळ का झालं इथपासून शेजारच्या भाडेकरूने दोन कुलपं का लावली इथपर्यंत, एकदा प्रश्न डोक्यात शिरला की उत्तर मिळेपर्यंत तिला घास गोड लागत नसे. आता तिच्या डोक्यात सकाळचा प्रश्न होता, आणि टेबलाच्या भांडणात तिचं लक्ष अर्धंच होतं.

सात आठवड्यांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरून मास्तरांचा पाय मोडला. परवा शुक्रवारी प्लास्टर निघालं. वॉकर धरून उभं राहायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आज सकाळी आठ वाजता, दोन्ही बाजूंना दोन मुलगे घेऊन मास्तर उभे राहिले. अंगावर इस्त्रीची पॅन्ट, केस विंचरलेले. एक क्षण ताठ राहिले आणि मग कॉटवर कोसळले. कुणी काही बोलायच्या आत म्हणाले, "टेबलाचं काय करायचं ते करा तुम्ही." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पन्नास वर्षं त्या टेबलापाशी उभा राहिलेला माणूस तीन सेकंदही उभा राहू शकला नाही, हे आत्याच्या काळजाला लागलं होतं. पण तिला त्याहून जास्त छळत होतं ते दुसरंच.

"काय रे," ती एकदम म्हणाली, "मोडला होता कुठला पाय?"

"आत्या, सात आठवडे तू त्याच पायाखाली उशा लावतेयस," लेक म्हणाली.

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का ते विचारतेय."

"डावा."

"मग सकाळी मुडपला कुठला?"

थोरला टेबलाकडे बघायला लागला. सकाळी साऱ्यांचे डोळे प्लास्टरमधून निघालेल्या, काडी झालेल्या डाव्या पायावर होते. आत्या मात्र समोरच्या स्टुलावर बसली होती आणि गुडघा वाकला तो उजवा, हे तिने स्वतः पाहिलं होतं. त्या पायाला प्लास्टर नव्हतं की साधा ओरखडा नव्हता. बरा पाय का दगा देतो? घोडं पेंड खात होतं ते इथेच.

ती उठली आणि इस्त्रीच्या फळीकडे गेली. मास्तरांच्या दोन पॅन्टी आळीपाळीने धुतल्या जात, त्यातली एक तिथे पडली होती. अंथरुणातसुद्धा मास्तर पॅन्टच घालत. शिंप्याने चादर गुंडाळून पडायचं म्हणजे लाजच, असं त्यांचं म्हणणं होतं. प्लास्टरसाठी डाव्या पायाची बाहेरची शिवण कमरेपर्यंत उसवून तिथे अकरा बटणं लावली होती, आणि ती अकरा काजं आत्याचीच होती. ती बाजू तिला पाठ होती. उजवी बाजू तिने कधी बघितलीच नव्हती.

तिने पॅन्ट उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली आणि चष्मा कपाळावर चढवला. जवळचं ती चष्म्याशिवायच बघायची. उजव्या मांडीच्या आतल्या शिवणीला समांतर अशी सुईच्या भोकांची एक ओळ होती. धागा काढलेला, भोकं राहिलेली. तिच्या बाहेर आणखी एक. तिच्या बाहेर आणखी एक. आत्याने बोटाने मोजल्या. चार जुन्या ओळी, आणि पाचवी चालू शिवण. दोन ओळींमध्ये चोख पाव इंच. शिवण पाव इंच आत गेली की घेर अर्ध्या इंचाने कमी होतो, हे या घरात पोरं पाढ्यांच्या आधी शिकत.

"मापांची वही दे गं," ती सुनेला म्हणाली.

वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचं माप घेऊन वहीत उतरवायचं, ही मास्तरांच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत. लग्न होऊन आलेल्या सुनेचं माप त्यात होतं, सासरी गेलेल्या लेकीचं होतं. मास्तरांच्या पानावर पंचवीस वर्षं एकच आकडा लिहिलेला होता. मांडी बावीस.

"बावीसमधून चार वेळा अर्धा अर्धा काढ," आत्या म्हणाली. "वीस. सात आठवड्यांत दोन इंच! बऱ्या पायाचे! आणि हे घरात कुणाला तरी माहीत होतं, कारण पॅन्ट स्वतःहून स्वतःला आवळत नाही. हे टाके कुणाचे आहेत ते मी सांगू, का ज्याचे आहेत तो सांगतोय?"

सांगायची गरजच नव्हती. इतकी बारीक, एकसारखी शिवण घरात एकाच माणसाची होती.

"शनिवारी रात्री धुवायच्या आधी घ्यायचो," थोरला टेबलाकडे बघत म्हणाला. "दोन्ही पॅन्टी. पहिल्यांदा ढगळ दिसली तेव्हा वाटलं, बाबांच्या लक्षात आलं तर खचतील. म्हणून थोडी आत घेतली. मग पुन्हा ढगळ झाली."

"आणि तू पुन्हा घेतलीस," लेक म्हणाली. ती नकळत दोन पावलं मागे सरली होती. "दादा, तुला कुणाला सांगावंसं नाही वाटलं?"

"काय सांगू? आजोबांनी काय शिकवलं आपल्याला? गिऱ्हाइकाचं उणं गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही."

ते खरंच होतं. एक खांदा उतरलेला असेल तर आत कापसाची गादी घालायची, पाठीला बाक असेल तर मागचा भाग लांब कापायचा, आणि आरशासमोर उभ्या माणसाला म्हणायचं, काय अंग आहे साहेब, कपडा नुसता बसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, यावरच तीन पिढ्यांची चूल पेटली होती. थोरल्याने फक्त बापाला गिऱ्हाइकासारखं वागवलं होतं.

"वा! म्हणजे मी टेबल काढतो तो राक्षस," धाकटा म्हणाला, "आणि हे बापाचा पाय चोरून लहान करतात ते श्रावणबाळ!"

"मी पाय लहान केला नाही!" थोरल्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पॅन्ट लहान केली!"

हसू नये अशा वेळी लेकीला हसू आलं, आणि ते दाबताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दुकानाच्या काचेवर टकटक झाली.

व्यायाम शिकवायला येणारी फिजिओ आज पहिल्यांदाच येत होती. वय तिशीच्या आत, पाठीवर बॅग, बॅगेतून बाहेर आलेली रबरी पट्टी. "जिना कुठे आहे?" असं विचारेपर्यंत तिच्या हातात आत्याने पॅन्ट दिलीसुद्धा होती. आत्याने ओळी दाखवल्या, वही दाखवली. फिजिओ जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसली.

"दर आठवड्याला अर्धा इंच?"

"पहिले तीन आठवडे काही नाही. मग दर शनिवारी," थोरला म्हणाला. चोराने कबुलीजबाब द्यावा तसा त्याचा आवाज होता.

"आजी, असा रेकॉर्ड हॉस्पिटलातसुद्धा मिळत नाही हो," ती म्हणाली आणि शिवणीवरून पुन्हा बोट फिरवलं. तिलाही आपल्यासारखीच खोड आहे हे आत्याने ओळखलं, आणि त्या क्षणापासून ती पोरगी तिला आवडली.

वर तीन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं. न्हाणीघर, संडास सगळं खाली, दुकानाच्या मागच्या अंगाला. मास्तरांची कॉट रस्त्याकडच्या खोलीत होती. सगळे एकामागोमाग आत शिरले तरी मास्तर हलले नाहीत.

"काका, मी तुमचं माप घ्यायला आलेय," फिजिओ म्हणाली.

मास्तरांची मान वळली. "माझं माप?" त्यांनी तिच्या हातातल्या टेपकडे पाहिलं. "टेप असा धरतात? अंगठा आत."

तिने अंगठा आत घेतला आणि उजव्या मांडीचं माप घेतलं. "वीस," ती मोठ्याने म्हणाली. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मात्र नुसतं हुं केलं. मग त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "अरे, ती शिवण मांडीला आतून लागते, हे पन्नास वर्षं शिवण्यात घालवलेल्या माणसाला कळत नाही होय? पण हात चांगला बसलाय तुझा. एकही टाका खेचला नव्हता."

थोरल्याला आता कुठे बघावं कळेना.

"पण हा पाय बरा होता ना हो?" आत्याने विचारलं. "याने काय घोडं मारलं होतं?"

"याने काहीच केलं नाही, हाच त्याचा गुन्हा," फिजिओ म्हणाली. "हे बघा आजी, अंगातला स्नायू रोज थोडा मोडतो आणि रोज थोडा नवा बनतो. चालतो, उठतो, उभं राहतो म्हणून तो बनत राहतो. माणूस पडून राहिला की शरीर म्हणतं, कामच नाही तर हा एवढा पसारा कशाला पोसायचा? मोडणं चालू राहतं, बनणं मंदावतं. मग बरा पाय आणि मोडका पाय असा भेद राहत नाही. तरुण माणसाचं चटकन भरून येतं, या वयात येत नाही. आणि त्यात बनवायला मालच नसेल तर बघायलाच नको. काका खातात काय?"

हा प्रश्न आत्याच्या हक्काचा होता. ती सरसावून बसली. "सकाळी चहा आणि दोन टोस्ट. अकराला सूप. दुपारी उकडलेला बटाटा मऊ करून, नाहीतर सफरचंद. संध्याकाळी परत सूप. पडून राहिलेल्या माणसाला जड पचत नाही, म्हणून सगळं हलकं. आणि सूप म्हणजे साधं नाही हं. एक दिवस चिकनचं, एक दिवस डाळीचं. तासभर उकळते, सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, मग गाळून देते."

"गाळून जे उरतं त्याचं काय करता?"

थोरल्याने सुनेकडे पाहिलं, सुनेने धाकट्याकडे.

"ते आम्ही खातो," धाकटा म्हणाला. "मस्त लागतं. वहिनी वरून मिरपूड घालते."

"म्हणजे चिकन तुम्ही खाल्लंत, डाळ तुम्ही खाल्लीत, आणि काकांना पाणी मिळालं." फिजिओने हे अगदी सरळ सांगितलं, टोमणा मारला नाही. "प्रोटीन गाळणीच्या वर राहतं आजी. काकांचं वजन किती होतं, बासष्ट? त्यांना दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम तरी हवं. एका अंड्यात सहा मिळतात, यावरून हिशेब करा. तुमच्या जेवणात सगळं मिळून पंधरा-वीस होत असेल."

"सात आठवडे!" लेक आत्याकडे वळली. "आत्या, सगळ्या गावाची चौकशी करतेस, ही एक गोष्ट कुणाला विचारावीशी नाही वाटली?"

आत्याचा चेहरा एवढासा झाला. चाळीस वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं, आणि वाईट याचं वाटत होतं की बोलणं खरं होतं. रोज सकाळी सहाला उठून, गुडघ्यांचं दुखणं विसरून, जाळीतून थेंब थेंब गाळून तिने आपल्याच भावाला उपाशी ठेवलं होतं. तिला रडू फुटणार होतं.

"तिला बोलू नकोस," धाकटा ताडकन म्हणाला. "तू सात आठवड्यांत दोनदा आलीस. ती रोज इथे होती."

धाकट्याने आत्याची बाजू घेतलेली कुणी पाहिली नव्हती. आत्याने स्वतःही नाही. तिचं रडू थबकलं, आणि त्या थबकलेल्या जागेतून तिची जुनी खोड पुन्हा वर आली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात मी गाळत नव्हते. डाळ तशीच देत होते, अंडंही देत होते. गाळायला मला कुणी सांगितलं?" ती कॉटच्या कडेला बसली. "तू सांगितलंस. पातळ कर आक्का, गाळून दे आक्का. अंडं नको म्हणालास. पोट बिघडलं होतं का तुझं?"

मास्तरांनी चादरीची सुरकुती बोटाने सरळ केली.

"अरे, मी काय विचारतेय? भूक लागत नव्हती?"

"आत्या, जाऊ दे ना," धाकटा म्हणाला.

"का जाऊ दे? सात आठवड्यांचं खापर माझ्या डोक्यावर फुटलंय. भूक लागत होती की नाही, एवढं सांग."

"लागत होती," मास्तर म्हणाले. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड वळवलं आणि जे काही बोलले ते भिंतीलाच बोलले. "खाल्लं की कॉटखालचं भांडं लागतं, आक्का. भांडं लागलं की कुणाला तरी हाक मारावी लागते. एकदा सुनेला हाक मारावी लागली, दोन्ही पोरं बाहेर होती. तिने केलं, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. पण मी... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हटलं, पोटात जाऊच नये. पातळ खाल्लं की दोन-दोन दिवस निभतं."

सून दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि बाहेर निघून गेली, मग लगेच परत आली.

आत्याला वाटलं, इतक्या चौकशा केल्या जन्मभर, घराघरांतल्या कुलपांच्या केल्या, आणि शेजारच्या खोलीत आपला भाऊ कशासाठी उपाशी राहतोय ही एक तेवढी करायची राहिली.

"मला माहीत होतं," धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो खिडकीच्या गजाशी चाळा करत होता.

"मीच धुतो ना ते भांडं सकाळी. रोजचं रोज लागत नाही, हे कळणार नाही का मला? म्हणून म्हटलं, कॉट खाली आणू. संडास खाली आहे. टेबलाच्या जागेपासून सहा पावलं. धरून धरून गेले असते, कुणाला हाक मारायला नको, काही नको. आता हे सगळ्यांसमोर कसं बोलणार होतो? बाबांना आणखी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "मला काय टेबल जड झालंय?"

लेक त्याच्याजवळ गेली. त्याच्या दंडाला तिने नुसता हात लावला, आणि त्याने तो झिडकारला नाही.

"टेबल कशाला कापायचं पण?" सून दारातून म्हणाली. नाक लाल झालं होतं, पण आवाज हिशेबी होता. "ट्रायल रूम काढा की. दोन प्लायवूडच्या फळ्या आणि एक पडदा, अर्ध्या तासाचं काम आहे. तिथून संडास चार पावलं. गिऱ्हाईक महिनाभर पडद्यामागे उभं राहून कपडे घालून बघेल, मरत नाही."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आत्याच्या ओठांवर आलं होतं, पण आज आपण कुणाला काही ऐकवायच्या लायकीच्या नाही म्हणून तिने ते गिळलं.

फिजिओला यातलं निम्मं ऐकायला नको होतं, पण ती सहज जमिनीवर मांडी घालून बसली होती. "काका," ती म्हणाली, "उपाशी पोटी तुम्ही माझे व्यायाम केलेत तर पाय भरणार नाही, उलट थकाल. आणि नुसतं खाऊन पडून राहिलात तरी भरणार नाही. दोन्ही एकदम हवं. मी सुरुवातीला फक्त खुर्चीवरून उठायला आणि बसायला लावणार. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि तिन्ही वेळच्या जेवणात अंडं, चिकन, डाळ, दही, पनीर, काहीतरी भरीव. एकदाच रात्री भरपूर खाऊन चालत नाही. किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत ना? मग झालं."

"किती दिवसांत उभा राहीन?"

"उभे आठवड्या-दोन आठवड्यांत राहाल. पण टेबलापाशी तासभर उभं राहून कात्री चालवायला किती लागेल ते मी सांगू शकत नाही. गेलेलं परत यायला जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन-तीन महिने धरून चला. पुरतं आधीसारखं होईलच, असंही मी म्हणणार नाही."

मास्तरांनी हे ऐकून घेतलं. गोड बोलून न झाकलेलं वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं. "आक्का," ते म्हणाले, "वहीत लिही. उजवी मांडी वीस. डावी किती भरते तेही घे आणि लिही. सगळ्यांना दिसेल असं."

डावी साडेअठरा भरली. आत्याने दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहिले.

दुपारपर्यंत घराचा नूर पालटला. थोरला आणि धाकटा यांनी मिळून ट्रायल रूम उकलली. कित्येक महिन्यांत दोघांनी एकाच कामाला हात लावलेला नव्हता, त्यामुळे स्क्रू कुणी धरायचा यावरून दोनदा भांडण झालं. कॉट खाली आली. मग मास्तरांना खुर्चीत बसवून, खुर्ची चौघांनी धरून, सतरा पायऱ्या उतरवलं. "मिरवणूक काढलीत की रे माझी," ते मधल्या पायरीवर म्हणाले. ट्रायल रूमच्या भिंतीवरचा आरसा काढायला कुणाला सुचलंच नव्हतं, त्यामुळे कॉटवर टेकताच त्यांना स्वतःचे दोन्ही पाय समोर दिसले. धाकटा आरसा उतरवायला धावला.

"राहू दे तो," मास्तर म्हणाले. "आता रोज बघणार मी."

धाकट्याने सुताराला फोन लावला. "बुधवारी येऊ नको... नाही, रद्द नाही. तीन महिन्यांनी बघू," तो म्हणाला. लेकीने त्याच्याकडे डोळे वटारले, तेव्हा तो म्हणाला, "काय? खोटं कशाला बोलू?"

जेवायला आत्याने डाळ दाट केली आणि गाळणी खिळ्यावर टांगूनच ठेवली. सोबत दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही. मास्तरांनी पहिलं अंडं मीठ लावून सावकाश खाल्लं. डाळ खाल्ली. दुसरं अंडं ताटाच्या कडेला सरकवलं, मग त्याच्याकडे जरा वेळ बघत बसले. आत्याने काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं तिने सकाळीच मनाशी ठरवलं होतं, आणि ते पाळणं तिला महाकठीण जात होतं. शेवटी मास्तरांनी दुसरं अंडंही खाल्लं आणि ताट पुसल्यासारखं स्वच्छ करून तिच्या हातात दिलं.

नंतर खुर्चीवरून उठण्याचा पहिला डाव झाला. दहा वेळा उठायचं होतं. दोन्ही हातांनी खुर्ची धरून मास्तर तीन वेळा उठले. तिसऱ्या वेळी उजवा गुडघा थरथरला, पण मुडपला नाही. ते घामाने भिजले होते आणि खूश होते की रागावलेले होते ते कुणालाच नक्की सांगता आलं नसतं.

पाचच्या सुमाराला सगळे टेबलाभोवती चहा घेत होते. लेक सहाच्या बसने परत जाणार होती. थोरला एका कोटाच्या कापडावर खडूने खुणा करत होता, सून बटणं निवडत होती. कॉटसमोर लावलेल्या पडद्यामागे मास्तर झोपलेत असं समजून सारे हळू आवाजात बोलत होते.

"ए धाकट्या!"

हाक एवढी खणखणीत होती, की रस्त्यावरून जाणारी एक बाई काचेतून आत डोकावली. धाकट्याने कप खाली ठेवला. बाकी कुणी मान वर केली नाही. थोरल्याचा खडू चालत राहिला, सुनेने बटणं मोजणं चालू ठेवलं, आणि आत्या, जिने जन्मात कुठली हाक ऐकून 'काय रे?' विचारल्याशिवाय सोडली नव्हती, ती सुईत दोरा ओवत बसली.

"आलो बाबा," म्हणत धाकटा पडद्यामागे गेला.